जपायचं काय: लाकूड की सांधा?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या मोर्ले शहरात ‘डचेस अ‍ॅनचं घर’ म्हणून जे दाखवतात ते तिचं नव्हेच. ती १५१४ साली वारली. घर त्यानंतरचं मानलं जातं, लिननच्या व्यापारावर गबर झालेल्या शहरातलं. रस्त्याकडे मजले एकापुढे एक झुकलेले. आत मधला दिवाणखाना थेट छपरापर्यंत मोकळा, कोपऱ्यात कोरीव खांबाभोवती चढणारा ओकचा जिना, आणि पुढच्या-मागच्या खोल्या जोडणारे लाकडी सज्जे. या सज्ज्यांना तिथल्या ब्रेटन भाषेत ‘पोंदालेझ’ म्हणतात; घरांनाही तेच नाव पडलं.

अशा संरक्षित घरात जपायचं काय? माझ्या मते लाकडाआधी जोडणी. जुने सुतार सांगाडा जमिनीवर आडवा मांडून जुळवत, प्रत्येक तुकड्यावर खुणेचे आकडे कोरत, मग सुटा करून जागेवर उभारत. सांधे आवळायला ओकच्या खुंट्या. म्हणजे सुटं होणं बांधणीतच आहे. दगडी जोत्यावरचा आडवा पाट बहुधा आधी कुजतो, मग खांबांचे पाय. तेव्हा कुजका भाग कापून तिथे नवा ओक सांधायचा. बाकी खांब तसाच राहतो. मधल्या कुडाला माती-पेंढा आणि वर चुन्याचा गिलावा, कारण त्यातून ओल बाहेर पडते. ‘पक्की’ दुरुस्ती म्हणून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि लाकूड गुपचूप सडतं.

असे तुकडे बदलत गेलं तर जुनं उरलं काय, हा आक्षेप रास्त आहे. कोरीव मूर्तींबाबत मी तो मान्यही करतो. तिथे लाकूडच मोलाचं, नवी नक्कल चालणार नाही. पण पाटाला तो नियम लावता येत नाही. मोर्लेतल्याच एका पाडलेल्या घराचा जिना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: अस्सल जुनं लाकूड, घर मात्र गेलं. दुसरा आक्षेप आगीचा. १७२० च्या आगीत ब्रिटनीतल्याच रेन शहरातली शेकडो घरं जळाली आणि शहर दगडात उभं राहिलं. खरं आहे, पण तो दाटीवाटीच्या गल्ल्यांवरही ठपका आहे, आणि रेनमध्येही वाचलेली लाकडी घरं अजून उभी आहेत.

मोर्लेला गेलात तर जिन्यावरून नजर खाली आणा. जोत्यालगत फिकट, नवा तुकडा दिसला, तर नाक मुरडू नका.