गांजा, जागरण आणि उंदीर

गांजा माणसाला हिंसक करतो, हा समज जुनाच. ब्रिटिश भारतातील १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने १,१९३ साक्षी तपासून हिंसक गुन्ह्यांशी त्याचा संबंध फारसा नाही, असे म्हटले. मग १९७० च्या दशकात ब्राझीलमध्ये संशोधक कार्लिनी यांच्या प्रयोगशाळेत उंदीर का भांडले? त्यांना पाण्यातल्या इवल्याशा चौथऱ्यावर ठेवत. स्वप्ननिद्रेत स्नायू सैल पडतात, उंदीर पाण्यात पडतो, जागा होतो. असे काही दिवस जागवलेल्या उंदरांना गांजाचा अर्क किंवा टीएचसी हा त्यातला मादक घटक दिल्यावर ते एकमेकांवर तुटून पडले. उपाशी उंदरांतही तेच दिसले होते. म्हणजे भांडण एकट्या गांजाने लागत नाही, आधीच ताणलेला मेंदू लागतो. अशा उंदरांत डोपामिन हे मेंदूतले रसायन वाढवणाऱ्या औषधांनीही आक्रमकता येते, त्यामुळे संशय डोपामिनच्या वाढलेल्या संवेदनशीलतेवर जातो.

आक्षेप असा की चौथऱ्यावर जागरणाबरोबर ओल आणि एकटेपणाही छळतो. खरे आहे, म्हणून दोष केवळ जागरणाला देता येत नाही. पण त्याने मूळ मुद्दा बळावतोच, कारण उपाशी उंदरांना चौथराही नव्हता. उंदरावरून माणसाचा निवाडा मात्र करू नये. रात्रपाळीच्या कामगाराची झोप कोणी पाण्यात पाडून मोडत नाही.