जुन्या कर्नलवर नवा ड्रायव्हर

जुलै २००७मध्ये लिनक्सचा २.६.२२ हा कर्नल आला आणि त्याच्यासोबत मॅक८०२११ नावाची वायफायची नवी चौकट आली. तिचा मूळ कोड डिव्हाइसस्केप या कंपनीने खुला केलेला होता. पुढच्या सव्वा वर्षात ड्रायव्हरांची रीघच लागली. २.६.२४मध्ये इंटेलचा आयडब्ल्यूएल-वायफाय आणि ब्रॉडकॉमच्या चिपांसाठीचा बी४३ आला, २.६.२५मध्ये एटीएच५के, तर २.६.२७मध्ये अथेरॉसने स्वतः दिलेला एटीएच९के. दुकानातून आणलेल्या लॅपटॉपमध्ये चिप नवी असायची, पण त्यावर बसवलेल्या वितरणाचा कर्नल सहा महिने ते दोन वर्षं जुना. एका वायफायपायी अख्खा कर्नल बदलावा, तर ग्राफिक्सपासून सस्पेंडपर्यंत काय काय बिघडेल याची खात्री नाही. ही कोंडी फोडायला लुइस रॉड्रिगेझ याने कंपॅट-वायरलेस सुरू केलं. नव्या कर्नलमधले फक्त वायफायचे ड्रायव्हर उचलायचे आणि जुन्या कर्नलवर मोड्यूल म्हणून चालवायचे. थोडक्यात, बॅकपोर्ट.

हे अवघड का, याचं उत्तर लिनक्सच्या धोरणात आहे. वापरकर्त्याच्या प्रोग्रामांना कर्नल सहसा दगा देत नाही. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रामही चालावा हा तिथला दंडक आहे. कर्नलच्या आतल्या फंक्शनांना मात्र असं कोणतंच वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तर 'स्टेबल एपीआय नॉन्सेन्स' नावाचं टिपण लिहून ते कर्नलच्या दस्तऐवजांतच ठेवलं आहे. तुमचा ड्रायव्हर मुख्य कोडमध्ये द्या, मग फंक्शन बदलणारा माणूसच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करेल, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटतो. पण तो पुढे जाणाऱ्यांसाठी आहे. मागे जाणाऱ्याला प्रत्येक बदल स्वतःच उलटा चालून यावं लागतं.

मार्च २००९मध्ये आलेला २.६.२९ घ्या. तोवर नेटवर्क ड्रायव्हर आपली फंक्शनं (उघडा, बंद करा, पॅकेट पाठवा) नेट-डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये एकेक करून भरत असे. २.६.२९ने ती सगळी एका वेगळ्या तक्त्यात घातली आणि स्ट्रक्चरमध्ये त्या तक्त्याकडे बोट दाखवणारा एकच पॉइंटर उरला. नव्या ड्रायव्हरमध्ये ही एका ओळीची नेमणूक. २.६.२८वर मात्र ती ओळ कंपाइलच होत नाही, कारण तिथे तसा पॉइंटरच नाही. कंपॅटवाल्यांनी एक छोटं फंक्शन लिहिलं: कर्नल नवा असेल तर पॉइंटर लावा, जुना असेल तर तक्त्यातलं एकेक फंक्शन जुन्या जागी उतरवून घ्या. ड्रायव्हरमध्ये त्या ओळीऐवजी फक्त या फंक्शनला हाक मारायची.

जुळवाजुळव शक्य तितकी ड्रायव्हरबाहेर ठेवायची आणि जुन्या कर्नललाच नव्याचा मुखवटा चढवायचा, हा या प्रकल्पाचा सर्वांत शहाणा निर्णय होता असं माझं मत आहे. उलट वाट धरणारे कमी नव्हते. ड्रायव्हरभर आवृत्तीच्या अटी पेरल्या की काही महिन्यांत मूळ लेखकालाही आपला कोड ओळखू येत नाही. इंटेलच्या स्वतंत्रपणे मिळणाऱ्या इथरनेट ड्रायव्हरांनीही हा सगळा पसारा केकंपॅट नावाच्या फाइलीत कोंडला आहे. ती हजारो ओळींची झाली, पण ड्रायव्हर वाचण्याजोगा राहिला.

तरीही ती 'एक ओळ' शेकडो फाइलींत बदलायची होतीच, आणि ड्रायव्हरमध्ये आजूबाजूला काही हललं की पॅच लागेनासा व्हायचा. इथे कॉक्सिनेल कामी आलं. ज्युलिया लॉल आणि सहकाऱ्यांचं हे साधन ओळींऐवजी कोडची रचना ओळखतं. 'जिथे जिथे अशी नेमणूक दिसेल तिथे तिथे ही हाक घाला', एवढा चार-सहा ओळींचा नियम पुरतो. रॉड्रिगेझ आणि लॉल यांनी २०१५मध्ये यावर शोधनिबंधही लिहिला.

टायमरची गोष्ट मला विशेष आवडते. जानेवारी २०१८च्या ४.१५पर्यंत टायमरच्या फंक्शनला एक अनसाइन्ड लाँग मिळायचा. हा आकडा आणि फंक्शनचा पत्ता मेमरीत शेजारीशेजारी असल्याने हल्लेखोरांची सोय व्हायची, म्हणून केस कुक यांच्या पुढाकाराने सगळ्या कर्नलमधले टायमर बदलले गेले. आता फंक्शनला टायमरचाच पॉइंटर मिळतो. मग नवा ड्रायव्हर जुन्या कर्नलवर कसा न्यायचा? लिनक्समध्ये लाँग आणि पॉइंटर एकाच मापाचे असतात. म्हणून जुन्या कर्नलला सांगायचं, की तुझा तो आकडा म्हणजे या टायमरचाच पत्ता. ड्रायव्हर आणि कर्नल, दोघांनाही कळत नाही की मध्ये कोणी बसलंय.

व्यावसायिक वितरणांनी यात वेगळाच गोंधळ घातला. २०१४च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७चा कर्नल ३.१०, आणि तो आकडा शेवटपर्यंत ३.१०च राहिला. दरम्यान ४.एक्समधल्या कितीतरी गोष्टी त्यात मागच्या दाराने येत गेल्या. बाहेरून वाडा तोच, आत खोलीन् खोली नव्याने बांधलेली. त्यामुळे 'आवृत्ती ४ पेक्षा कमी असेल तर हे फंक्शन मी देतो' असं लिहिलेला ड्रायव्हर आपटायचा, कारण फंक्शन तिथे आधीच हजर. शिवाय जुनी बायनरी मोड्यूल चालत राहावीत म्हणून ठरावीक स्ट्रक्चरांचा आराखडा गोठवलेला. ७.५मध्ये एमटीयू बदलण्याच्या फील्डला 'आरएच७४' असं शेपूट लागलं आणि पुढे बाहेरचे कितीतरी ड्रायव्हर त्या एका नावावर अडले. 

कंपॅट-वायरलेसचं नाव २०१३पर्यंत दोनदा बदलून 'बॅकपोर्ट्स' झालं. मधल्या काळात ब्लूटूथ, इथरनेट, ग्राफिक्सही आत आले. आज त्याचा सर्वांत ठळक वापरकर्ता म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी: राउटरचा कर्नल दीर्घ मुदतीचा, वायफाय मात्र त्याहून नव्या कर्नलचं.

कंपाइल न होणारा बॅकपोर्ट आता फारसा छळत नाही. चूक समोर दिसते. छळतो तो विनातक्रार कंपाइल होणारा. मे २०२२च्या ५.१८पासून नेटइफ-आरएक्स हे फंक्शन कुठूनही बोलावलेलं चालतं. त्याआधी इंटरप्टच्या बाहेरून पॅकेट वर द्यायचं तर त्याचं 'एनआय' शेपटीचं भावंड वापरावं लागे, ते ५.१८मध्ये काढून टाकलं. नाव तेच, आर्ग्युमेंट तेच. ५.१८नंतर लिहिलेला ड्रायव्हर ५.१०वर सरळ बसतो, लोडही होतो. फक्त पॅकेट रांगेत पडून राहतं आणि पुढचा एखादा इंटरप्ट आला की मग हलतं. लॉगमध्ये अधूनमधून सॉफ्टआयआरक्यू प्रलंबित असल्याची एक ओळ दिसते, ती वायफायबद्दल आहे असं कोणाला वाटतही नाही. उपाय दोन ओळींचा: इंटरप्टमध्ये असाल तर हे बोलवा, नसाल तर ते. कंपायलर यात काही सांगत नाही आणि कॉक्सिनेललाही हे शोधायला आधी कोणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी ५.१०पासून पुढचे नेटवर्किंगचे कमिट संदेश वाचत बसावं लागतं, आणि ते काम अजून तरी माणूसच करतो.