ॲडमिशन रद्द करण्याआधी

दिवाळीच्या आगेमागे वाळूजच्या बजाजनगरातल्या काही घरांत एक विषय निघतो. पोरगं सीईटीच्या मार्कांवर इंजिनीअरिंगला लागलेलं असतं. एम-वन म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, मेकॅनिक्स आणि ड्रॉइंगच्या शीटमध्ये दोन-तीन महिने गेलेले असतात. मग एका रात्री ते म्हणतं, ‘पप्पा, हे मला जमतंय, पण करायचं नाहीये. मला नीट द्यायची आहे.’ पप्पा नुकतेच सेकंड शिफ्ट करून आलेले. भरलेल्या फीचं काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. तो चुकीचा नाही, पण त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: बारावीला बायोलॉजी होतं का?

या वसाहतीत तो प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि बीड, जालना, परभणीकडून आलेली माणसं इथे स्थिरावली. लाइनवर काम करणाऱ्याला रोज दिसणारा मोठा माणूस म्हणजे इंजिनीअर साहेब. पोरानं साहेब व्हावं, ही इच्छा त्यातून आली आणि ती अगदी रास्त होती. तिच्यापायी अकरावीचा फॉर्म भरताना गणित ठेवलं गेलं आणि अनेकांनी बायोलॉजी सोडून दिलं. पंधरा-सोळाव्या वर्षी, फॉर्मवरच्या एका खुणेनं. ज्यांनी गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवले, त्यांनी दोन वर्षं जादा ओझं वाहिलं. आज त्यांना थेट नीटचा अर्ज भरता येतो.

ज्यांनी सोडलं, त्यांच्यासाठी रस्ता बरीच वर्षं बंद होता. अकरावी-बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी नियमित शिकलेलं असलं पाहिजे, अशी अट होती. मागाहून घेतलेलं बायोलॉजी धरलं जात नव्हतं. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढून ती अट उठवली. बारावी पास झाल्यानंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून घेऊन पास झालात, तरी नीटला बसता येतं. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, वयाची वरची मर्यादाही गेली होती. सतरा वर्षं पूर्ण हवीत, पुढे कितीही चालतील. ही माहिती अजून कित्येक घरांत पोचलेलीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ‘आता काही होत नाही’ असं सांगून मुलांना गप्प बसवलं जातं, आणि ते आता खरं राहिलेलं नाही.

प्रत्यक्षात करायचं ते असं. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसण्याची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. मंडळाचं विभागीय कार्यालय आपल्याच छत्रपती संभाजीनगर शहरात आहे. अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडावर भरले जातात, म्हणून निर्णय लांबवून चालत नाही. बायोलॉजीत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुण असतात. तेव्हा जर्नल, स्लाइड, प्रयोग यांसाठी एखाद्या ज्युनिअर कॉलेजशी आधीच बोलून घ्यावं लागतं. नुसतं पास होऊनही भागत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० टक्के लागतात.

मग नीट. एकूण ७२० गुण, त्यातले ३६० बायोलॉजीचे. १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. इंजिनीअरिंगच्या मुलाची जमेची बाजू अशी की फिजिक्सनं त्याची झोप उडत नाही; बायोलॉजीवाल्या कित्येक मुलांची गाडी नेमकी तिथेच अडते. पण बायोलॉजी हे सूत्रांवर निभावण्यासारखं नाही. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचावं लागतं, पुन्हा पुन्हा. वनस्पतींची कुळं, एन्झाइम, मूत्रपिंडाची रचना. इथे सुटसुटीत सिद्धता नसते, तपशील असतो. ज्याला हे वाचताना वेळेचं भान राहत नाही, त्यानं पुढे जावं. ज्याला फक्त एम-वनपासून सुटका हवी आहे, त्यानं थांबावं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: बायोलॉजीचा पेपर देऊन होईपर्यंत इंजिनीअरिंगची ॲडमिशन रद्द करू नये. पहिलं वर्ष आणि बारावीचं बायोलॉजी एकत्र पेलतं. पहिलं वर्ष आणि नीटची जोरकस तयारी मात्र एकत्र बहुतेकांना पेलत नाही. त्यासाठी पुढचं एक वर्ष वेगळं द्यावं लागेल, हे घरात आधीच बोलून ठेवावं. वर्गमित्र बाविसाव्या वर्षी नोकरीला लागेल. इकडे एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष बंधपत्रित सेवा. हातात पूर्ण पगार यायला सत्तावीस उजाडतं, पुढे एमडी करायचं तर तीस. वडिलांच्या निवृत्तीचं साल या हिशेबात मांडायलाच हवं.

एखाद्याचा अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो, ‘मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलून टाक, त्यात काय एवढं?’ तिथे मेडिकल स्कूल पदवीनंतर असतं. इंजिनीअरिंगची पदवी घेऊनही बायोलॉजी, केमिस्ट्रीचे ठरावीक विषय पुरे केले आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा दिली की अर्ज करता येतो. आपल्याकडे बारावीनंतरच वाटा फुटतात, त्यामुळे त्याचा सल्ला इथे लागू पडत नाही.

बजाजनगरपासून घाटी रुग्णालय पंधराएक किलोमीटर. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं. पण अंतर जवळ म्हणून जागा जवळ येत नाही. सप्टेंबर २०२० पर्यंत मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या ७० टक्के जागा मराठवाड्याच्या मुलांसाठी असत. ती पद्धत रद्द झाली. आता राज्यभराची एकच गुणवत्ता यादी लागते. मुंबई-पुण्याचं मूल आणि इथल्या वडगाव कोल्हाटीचं मूल एकाच रांगेत उभं असतं.

एक रांग मात्र वेगळी आहे आणि ती कामगारांच्या मुलांसाठीच आहे. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा महामंडळ, स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं चालवतं. त्यातलं एक मराठवाड्याला लागून असलेल्या कर्नाटकातल्या कलबुर्गीत आहे. या महाविद्यालयांत काही जागा विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी राखीव असतात. प्रवेश नीटच्या गुणांवर आणि केंद्रीय समुपदेशनातूनच होतो, पण स्पर्धा विमाधारकांच्या मुलांपुरती राहते. विम्याची वेतनमर्यादा २०१७ साली महिना २१,००० रुपये झाली. त्यामुळे वाळूजमधल्या लहान कारखान्यांत आणि कंत्राटावर काम करणारे पुष्कळ जण यात बसतात. नोकरीचा कालावधी आणि भरलेली वर्गणी यांच्या अटी असतात, त्या दर वर्षीच्या सूचनेत काळजीपूर्वक पाहाव्यात. आईची किंवा वडिलांची पगाराची स्लिप काढावी, त्यात ईएसआयची कपात दिसते का बघावं. दिसत असेल तर मुलाच्या नावाचं विमाधारक-पाल्य प्रमाणपत्र कधी आणि कसं निघतं, हे नीटचा अर्ज भरायच्या आधीच ईएसआयसीच्या कार्यालयात विचारून घ्यावं.