बाळाला अंगावर किती दिवस पाजावे?

भायखळ्याच्या आमच्या चाळीत बाळंतिणीला बघायला गेले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. दूध येते ना? आणि कामावर कधी जाणार? भगिनींनो, पहिल्याचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्यात दडलेले असते.

शेजारची एक मुलगी तीन घरची धुणीभांडी करते. कामे सुटतील या भीतीने ती दीड महिन्यातच कामाला लागली. दिवसा सासूने बाटली लावली. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, माझं दूधच आटलं." पण दूध आपोआप आटत नाही. बाळ जितके ओढते तितके ते तयार होते. बाटलीने पोट भरले की बाळ ओढत नाही, मग दूध कमी होते.

गिरण्यांच्या काळात तर याहून वाईट होते. आई खात्यात असेपर्यंत तान्हे झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. आजीबाईंना विचारा, सांगतील. अशा कामगार बायांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. आईची विश्रांती ही देशाच्या हिताची बाब आहे, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, आणि मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला.

१९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाले. त्यातले ८ आठवडे आधीच घेतले तर बाळासाठी १८ उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. कामावर गेल्यावरही मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळण्याचा हक्क आहे. तो मागायला लाजू नका. घरकाम करणारीला मात्र यातले काहीच नाही.

डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. मध नाही, घुटी नाही, मे महिन्याच्या उकाड्यातही पाणी नाही. पहिला पिवळा चीक टाकू नये. सहा महिन्यांनंतर नाचणीची खीर, मऊ वरणभात सुरू करावा आणि दूध दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवावे. "दात आले, आता तोडा" हे म्हणणे सोडून द्यावे.

कामावर जाताना हात धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवता येते. फ्रिज नसेल तर चार तासांच्या आत, आपल्या उकाड्यात त्याहूनही लवकर, वाटी-चमच्याने पाजावे. गॅसवर तापवू नये, भांडे गरम पाण्यात धरावे.

शेजारणीने आता पहाटे, दुपारी आल्या आल्या आणि रात्रभर पुन्हा पाजायला घेतले आहे. पहिले आठ दिवस बाळ रडले, सासू कुरकुरली. आता बाटली फक्त सकाळची उरली आहे.