ट्रकची वही वहिनींच्या हाती

मैत्रिणींनो, नाशिक, सांगली, कराड, सोलापूर अशा गावांतून दोन-तीन ट्रकांचा धंदा असलेली घरं पुष्कळ आहेत. भाडं ठरवणं, ड्रायव्हर शोधणं, आरटीओत चकरा मारणं हे सगळं घरच्या पुरुषांकडे आणि हिशेबाची वही मात्र तुमच्या कपाटात! डिझेल किती गेलं, भत्ता कुणाला दिला, टायर कधी घेतले, हे ‘ह्यां’ना आठवत नसलं तरी तुम्हाला तोंडपाठ असतं. शिवाय कित्येक घरांत एखादी गाडी बाईंच्या नावावर असते. तशी तुमच्या नावावर असेल तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्ही, बरं का! नोटीस आली तर तीही तुमच्याच नावाने येते. तेव्हा आज जरा त्या वहीबद्दल बोलू या.

वहीचं एक पान प्रत्येक गाडीसाठी राखून ठेवा. विमा, पासिंग, पीयूसी, परमिट, रोड टॅक्स, सगळ्यांच्या मुदती त्यावर लिहा. पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यापुढच्या गाडीला दरवर्षी करून घ्यावं लागतं. पीयूसी बीएस-चार आणि त्यानंतरच्या गाड्यांना वर्षभर चालतं, जुन्यांना सहाच महिने. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच्या तारखेला कालनिर्णयावर लाल गोल करून ठेवला की काम झालं. दुधाचे खाडे मांडणाऱ्या बाईला यात अवघड ते काय? कागद आता मोबाईलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालतात. पण मुदत संपलेला कागद मोबाईलमध्येही संपलेलाच दिसतो.

“एवढं काय त्यात, सापडलो तर दंड भरू,” असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना पुढची गोष्ट जरूर ऐकवा. अपघातात माणूस दगावला की नुकसानभरपाईचा आकडा लाखांत जातो. विमा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नव्हतं किंवा गाडीला परमिट नव्हतं असं निघालं, तर कित्येकदा न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. वसुली कशावर येणार? घरावर, शेतावर, दागिन्यांवर. मात्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासाही दिला आहे. लायसन्सच्या बाबतीत मालकाने वाजवी काळजी घेतली होती की नाही, हे पाहिलं पाहिजे, असं त्या निकालात म्हटलं आहे. म्हणून ड्रायव्हर कामावर ठेवताना त्याचं लायसन्स स्वतः पाहा, परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर ताडून घ्या, त्याची प्रत वहीत चिकटवा आणि खाली तारीख टाका. माल वाहणारी गाडी चालवायला वय निदान २० वर्षं लागतं. ओळखीचा आहे, गावचाच पोरगा आहे, म्हणून यात सूट देऊ नका. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती मालकालाच.

आता खरा मुद्दा, झोपेचा. कागद सगळे ठीक आहेत, गाडी कालच पासिंग होऊन आली आहे, आणि ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नाही. मग त्या कागदांचा काय उपयोग? पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, मग चहाचे कितीही कप पोटात जावोत. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाचे दिवसाला आठ तास ठरवले, पाच तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती ठरवली. नंतरच्या कायद्यानेही आठ तासांचं हे माप सोडलेलं नाही. मालाच्या ई-वे बिलातसुद्धा मुदत दिवसाला २०० किलोमीटर या हिशेबाने मिळते. नाशिकहून दिल्ली १,२०० किलोमीटरांच्या वर. म्हणजे कायद्याने सात दिवस दिले. मग तिसऱ्या दिवशी पोचायची घाई कोण करतं? अहो, आपणच! “लवकर पोचलास तर पाचशे जास्त,” हे आपल्याच घरातून सांगितलं जातं. भाजी-फळांची गोष्ट निराळी, वाशीचा बाजार पहाटे गाठावाच लागतो हे मान्य. पण मग त्या ड्रायव्हरला दुपारी निवांत झोपू द्या, गाडी भरायला उभं करू नका. आणि लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर पाठवा. बक्षीस द्यायचंच तर महिनाभर गाडीला ओरखडा न आणणाऱ्याला द्या.

आणखी एक. “कुठवर आलास?” म्हणून तासातासाला फोन करण्याची सवय घरोघरी आहे. चालत्या गाडीत हातात फोन धरणं हा गुन्हा आहे, आणि समोरून फोन आपला असतो! जेवायला थांबल्यावर त्यानेच फोन करायचा, असं ठरवून टाका.

यंत्रातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणू नका. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा इंजिन चालू असताना टाकीत भरली जाते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, कधी इंजिनच बंद करायचं, ही खोड फार जुनी. मग गाडीला रोखायला गिअरचा जोर उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. इंजिन बंद असेल तर हवाही भरून निघत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हाही गाडी न्यूट्रलमध्ये घातल्याचं तपासणीतून पुढे आलं होतं. म्हणून डिझेलच्या हिशेबात ड्रायव्हरला फार ताणू नका. बोरघाट असो की कात्रज, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच हवी, मग चार लिटर जास्त लागले तरी चालतील.

गाडी दारात उभी असेल तेव्हा एकदा तिच्याभोवती फेरी मारा. इंजिन बंद करून ड्रायव्हरला ब्रेक दाबून धरायला सांगा. कुठे ‘सुस्स’ आवाज आला तर हवा गळते आहे. मागच्या जोडचाकांत आतलं चाक बसलेलं असलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून तेही वाकून पाहा. चाकाच्या नटांभोवती गंजाची रेघ ओघळलेली दिसली तर नट सैल आहे. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने निदान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलायचा. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना तर मुळीच नको. मागची तांबडी परावर्तक पट्टी चिखलाने झाकली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. रात्री बंद पडलेल्या ट्रकवर मागून येणाऱ्याला तीच दिसते.

जादा मालाचा मोह हा धंद्याचा जुना रोग. २०१९ पासून त्याला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आणि उतरवण्याचा खर्च निराळा. वजनकाट्याची पावती फेरीगणिक वहीत लावली की ह्यांनाही दोनदा विचार करावा लागेल.

ड्रायव्हर परत आला की हिशेबाआधी त्याला विचारा, “गाडीचं काही दुखतंय का?” “वहिनी, ब्रेक जरा लांब लागतोय,” असं त्याने म्हटलं तर तारखेसह लिहून घ्या आणि दुरुस्ती झाल्याखेरीज गाडी पुढच्या भाड्याला सोडू नका, घरात कितीही कुरकुर झाली तरी. तक्रार सांगितली म्हणून भाडं बुडालं आणि त्याचाच भत्ता कापला, तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. वर्षातून एकदा त्याचे डोळे तपासून घ्या, आणि चष्मा लागला तर त्याचे पैसे धंद्यातून द्या.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक ड्रायव्हरचा आणि क्लीनरचा रक्तगट लिहा, शेजारी त्यांच्या घरचा फोन नंबर. नंबर त्यांच्या बायकांचा असला तर उत्तम. आणि तुमचा नंबरही त्या बायकांना देऊन ठेवा. नवरा चार रात्री जागाच आहे, हे तुमच्या आधी त्यांना ठाऊक असतं.