वास्तूनंतरचा खर्च

सभागृह उभे राहिले की कलेचे ऋण फिटले, हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील रॉथ्को चॅपल मात्र त्यास छेद देते.

मार्क रॉथ्को यांच्या 14 भव्य, काळपट चित्रांसाठी बांधलेली ही अष्टकोनी वास्तू 1971 मध्ये खुली झाली. धन देणारे द मेनिल दांपत्य तेवढ्यावर थांबले नाही. या वास्तूत सादर करण्यासाठी त्यांनी मॉर्टन फेल्डमन यांच्याकडून संगीतरचना करवून घेतली. 1972 मध्ये ती तेथेच सादर झाली. वृंदगायन, दोन गायिका, व्हायोला, चेलेस्टा आणि तालवाद्ये एवढाच तिचा संभार. चित्रे जशी कॅनव्हासच्या कडांना भिडतात, तसा नाद साऱ्या खोलीत भरून राहावा, तो दुरून ऐकल्यासारखा वाटू नये, ही संगीतकाराची भूमिका होती. म्हणूनच स्वर मंद आहेत आणि विराम दीर्घ.

या चॅपलचे पहिले वास्तुकार फिलिप जॉन्सन मतभेदामुळे दूर झाले. मुंबईच्या एनसीपीएतील, 1980 मध्ये उघडलेले टाटा थिएटर त्यांचेच; ध्वनिवर्धकावाचून गायन-वादन ऐकता यावे, अशी त्याची रचना आहे. म्हणजे उत्तम वास्तू येथेही होऊ शकते. प्रश्न त्यापुढचा आहे. इमारत हा भांडवली खर्च. तिला कोनशिला लाभते. नव्या रचनेस कोनशिला नसते, म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. वास्तविक चॅपल ह्यूस्टनमध्येच आहे. फेल्डमन यांची रचना मात्र देशोदेशी वाजते. अधिक टिकाऊ गुंतवणूक कोणती, हे दात्यांनी आणि नगरपालिकांनीच ठरवावे.