जोर वाढला, गती थांबली

पावसाळ्यात आपल्या कर्जत-खालापूरकडील एखाद्या ओढ्याच्या काठी क्षणभर उभे राहून पाहा. वाहत आलेली काटकी कधी दोन खडकांच्या बेचक्यात शिरते. पाणी मंद असेल तर ती हेलकावत मागे सरते व पुन्हा वाटेस लागते. परंतु लोंढा जोराचा असेल तर ती तेथेच दाबून धरली जाते. जोर वाढला की गती वाढते, ही आपली समजूत येथे खोटी ठरते.

हीच गोष्ट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मुस्तनसिर बर्मा व दीपक धर यांनी १९८३ साली गणिताने मांडली. जाळीचे काही धागे वाटेल तसे तोडले, तर तीत पुष्कळ बंद बोळ उरतात. जाळीत भटकणारा, पण एका दिशेस लोटला जाणारा कण अशा बोळात सापडला, की सुटण्यास त्याला जोराविरुद्ध पावले टाकावी लागतात. लांब बोळ विरळा, हे खरे. परंतु बोळ एकेका पावलाने लांबला, तर सुटकेचा काळ पटीपटीने वाढतो. म्हणून जोर एका मर्यादेपलीकडे गेला, की कणाची सरासरी गती शून्य होते.

सूक्ष्म सृष्टीत याहूनही नवल घडते. तेथे इलेक्ट्रॉन लहरीप्रमाणे वागतो. पदार्थातील रचना पुरेशी विस्कळीत असल्यास, वाट बंद नसतानाही, जागोजाग परावृत्त झालेल्या लहरी एकमेकींत मिसळून त्यास एका ठिकाणी खिळवून ठेवू शकतात, असे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखविले. १९७७ साली त्यांस इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कण अनेक असून एकमेकांस धक्के देत असतील तर? सामान्यतः ते, दुधात साखर विरघळावी तसे, आपली मूळ मांडणी विसरतात. परंतु २०१५ साली जर्मनीतील म्युनिक येथे पोटॅशियमचे अतिशीत अणू प्रकाशाच्या जाळीत एकाआड एक घरांत बसवून ती जाळी विषम केली, तेव्हा त्या मांडणीची खूण बराच काळ टिकली. ती चिरकाल टिकेल काय, याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे.

तेव्हा काही अडले, की ‘जोर कमी पडला’ असा निर्णय घाईने करू नये. आधी वाट कशी आहे ते पाहावे. कधी पाऊल मागे घेण्यास अवकाश देणे, हेच पुढे जाण्याचे साधन असते. अभ्यासात अडलेल्या मुलाविषयी आम्ही शिक्षकांनी व पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.